पाच पाट्या आणि एक घड्याळ: अमेरिकेतल्या स्टील मॅचचा लेखाजोखा

अमेरिकेत सुट्टीच्या दिवशी सकाळी गावाबाहेरच्या शूटिंग रेंजवर पिस्तुलाची एक स्पर्धा भरते. खेळणारे तिला नुसतं ‘स्टील’ म्हणतात. पोलादाच्या पाच पाट्या, कमरेला पिस्तूल, कानाशी टायमरचा बीप आणि पाचही पाट्यांना गोळी लागेपर्यंत किती वेळ गेला त्याचा हिशोब. नवख्यालाही दहा मिनिटांत नियम समजतात. त्यामुळेच कागदी लक्ष्यांच्या आणि धावपळीच्या स्पर्धांना बिचकणारी माणसं पहिल्यांदा इथे नाव नोंदवतात.

खेळ सोपा, पण त्याच्याभोवतीचे प्रश्न सोपे नाहीत. यात कौशल्य किती आणि नुसती घाई किती? गोळी पोलादावर आपटते, तर ती उलटून अंगावर येत नाही का? हे स्वसंरक्षणाचं प्रशिक्षण आहे का? ज्या देशात बंदुकीने दरवर्षी हजारो जीव जातात, तिथे या खेळाकडे कोणत्या नजरेने पाहावं? आणि तिकडे राहणाऱ्या मराठी माणसाला कुणी ‘चल, एकदा खेळून बघ’ म्हटलं, तर त्याने काय करावं? या सगळ्याचा एकत्र विचार केल्यावर माझं मत असं झालं आहे: या खेळात डोळ्यांना वेग दिसतो, पण गुण हिशोबाला आणि शिस्तीला मिळतात. एखादा क्लब चांगला की वाईट, हे त्याच्याकडे विजेते किती यावरून कळत नाही. नवख्या माणसाला तो रेंजवर कसा उभा करतो, यावरून कळतं.

मूळ कुठलं

पोलादावर नेम धरण्याची हौस अनेक वाटांनी आली. मेक्सिकोत कोंबडी, रानडुक्कर, टर्की आणि मेंढा अशा प्राण्यांच्या पोलादी आकृत्या दूरवर उभ्या करून त्या पाडण्याचा खेळ रुजला. तो अमेरिकेत आला आणि 1976 मध्ये पिस्तुलाने असा खेळ खेळणाऱ्यांची संघटना स्थापन झाली. मोठ्या काडतुसांच्या प्रकारात ही लक्ष्यं 50, 100, 150 आणि 200 मीटरवर असतात. हा संथ, अचूक नेमाचा खेळ.

दुसरी वाट कॅलिफोर्नियाची. जेफ कूपर यांनी 1950 च्या दशकात बिग बेअर इथे म्यानातून झटकन पिस्तूल काढून नेम मारण्याच्या स्पर्धा भरवल्या. त्यातूनच पुढे ‘प्रॅक्टिकल शूटिंग’ म्हणून ओळखला जाणारा प्रकार वाढला. 1976 मध्ये मिसुरीतल्या कोलंबिया शहरात त्याची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. त्याच शहरात 1979 मध्ये सुरू झालेल्या बियांकी कपमध्ये पडणाऱ्या पोलादी पाट्यांचा एक स्वतंत्र विभाग आहे. आठ इंची सहा गोल पाट्या ओळीत उभ्या असतात आणि त्या 10, 15, 20 आणि 25 यार्डांवरून पाडायच्या असतात.

आज गावोगावी जे ‘स्टील’ खेळलं जातं त्याचा साचा 1981 चा आहे. माइक डाल्टन आणि माइक फिचमन यांनी दक्षिण कॅलिफोर्नियात ‘स्टील चॅलेंज’ सुरू केलं. त्यांनी एक महत्त्वाचा निर्णय घेतला. प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये दर वेळी नवी मांडणी असते. इथे मांडण्या कायमच्या ठरवल्या आणि पाट्यांचा आकार, उंची, अंतर सगळं लिहून ठेवलं. पुढे 2007 च्या अखेरीस युनायटेड स्टेट्स प्रॅक्टिकल शूटिंग असोसिएशनने ही स्पर्धा आणि तिचे हक्क आपल्याकडे घेतले. तेव्हापासून गावातल्या मॅचचा निकाल राष्ट्रीय नोंदवहीत जाऊ लागला. अलाबामातल्या छोट्या क्लबचा खेळाडू आणि ओरेगनमधला खेळाडू एकमेकांना कधी भेटले नसले, तरी एकाच मापाने मोजले जातात. गावपातळीवरच्या स्टीलच्या प्रसारात या मापाचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

मांडणी आणि मोजणी

अधिकृत मांडण्या आठ आहेत. प्रत्येकीला नाव आहे: फाइव्ह टू गो, शोडाउन, स्मोक अँड होप, आउटर लिमिट्स, अ‍ॅक्सिलरेटर, पेंड्युलम, स्पीड ऑप्शन आणि राउंडअबाउट. प्रत्येक मांडणीत पाच पाट्या असतात. काही दहा इंची गोल, काही बारा इंची गोल, तर काही 18 बाय 24 इंचांच्या आयताकृती. सगळ्यात दूरची पाटी 35 यार्डांवर, म्हणजे सुमारे 32 मीटरवर असते. पाचांपैकी एक पाटी शेवटची, म्हणजे ‘स्टॉप प्लेट’. बाकीच्या चार कोणत्याही क्रमाने मारा, पण हिला सर्वांत शेवटी मारायचं. तिला गोळी लागली की फेरी संपली.

एका मांडणीवर पाच फेऱ्या मिळतात. त्यातली सर्वांत वाईट फेरी सोडून देतात आणि उरलेल्या चारांच्या वेळांची बेरीज हा त्या मांडणीचा निकाल. आउटर लिमिट्समध्ये फेरीच्या मध्येच एका चौकोनातून दुसऱ्या चौकोनात जावं लागतं. म्हणून तिथे चारच फेऱ्या आणि त्यातल्या तीन मोजतात. आठही मांडण्या खेळायच्या तर एकही गोळी वाया न घालवता 195 काडतुसं लागतात. प्रत्यक्षात शहाणा खेळाडू यापेक्षा बरीच जास्त घेऊन येतो. गावातल्या मॅचला वेळ आणि जागा पाहून चार, पाच किंवा सहाच मांडण्या लावल्या जातात.

चुकलेल्या प्रत्येक पाटीला तीन सेकंदांचा दंड आहे. एखादी पाटी राहिली असताना स्टॉप प्लेटला गोळी लागली, तर राहिलेल्या पाटीचे तीन सेकंद वेळेत मिळवले जातात. फेरीला तीस सेकंदांची कमाल मर्यादा असते. पाटी पडावी लागत नाही. तिला गोळी लागली एवढं पुरे. त्यामुळे जोरकस काडतुसाचा इथे काही फायदा नाही आणि हलक्या काडतुसाने खेळणाऱ्याला हात स्थिर ठेवणं सोपं जातं.

उदाहरण घेऊ. एका खेळाडूच्या पाच फेऱ्या अशा झाल्या: 4.10, 3.85, 6.92, 3.97 आणि 4.02 सेकंद. तिसऱ्या फेरीत एक पाटी हुकली, म्हणून दंडासकट 6.92. ती फेरी सोडून दिली, उरलेल्यांची बेरीज 15.94. म्हणजे एका चुकीला माफी आहे. पण याच हिशोबात खेळाची खरी परीक्षा दडलेली आहे. पहिल्याच फेरीत चूक झाली, तर पुढच्या चारही फेऱ्या मोजल्या जाणार हे तिथेच ठरतं. आता घाई परवडत नाही आणि मनाला मात्र गेलेली वेळ भरून काढायची ओढ लागलेली असते. अनेक खेळाडूंची मांडणी इथेच कोसळते. हात ठीक असतो, डोकं घाईला येतं.

निकालावरून वर्गवारी ठरते. प्रत्येक मांडणीसाठी आणि प्रत्येक प्रकारच्या शस्त्रासाठी एक सर्वोच्च वेळ ठरवलेली आहे. ती वेळ तुमच्या वेळेच्या किती टक्के भरते त्यावरून डी, सी, बी, ए, मास्टर आणि ग्रँडमास्टर अशा पायऱ्या चढता येतात. 40 टक्क्यांच्या खाली डी आणि 95 टक्के किंवा त्याहून वर ग्रँडमास्टर. चार मोठ्या आयताकृती पाट्या आणि एक गोल स्टॉप प्लेट असलेल्या स्मोक अँड होपवर निष्णात खेळाडूची एक फेरी दोन सेकंदांच्या आत संपते. नवख्याला त्याच ठिकाणी पाच-सहा सेकंद लागले तरी त्यात लाजण्यासारखं काही नाही.

एक फेरी, जवळून

रेंज ऑफिसर खेळाडूच्या मागे, थोडा बाजूला उभा असतो. त्याच्या हातातल्या टायमरला मायक्रोफोन असतो. प्रत्येक बाराचा आवाज टिपून तो बीपपासूनची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत नोंदवतो. शेवटच्या बाराची वेळ ती फेरीची वेळ. पंचाच्या हातातल्या बटणावर काही अवलंबून नसतं.

‘मेक रेडी’ असा हुकूम आल्यावरच खेळाडू पिस्तुलाला हात लावतो. नळी पाट्यांकडे ठेवून ते म्यानातून काढतो, एखाद्या पाटीवर नेम धरून पाहतो, मॅगझिन चढवतो, स्लाइड ओढतो आणि पिस्तूल पुन्हा म्यानात ठेवतो. मग दोन्ही हात खांद्यांच्या वर. ‘आर यू रेडी?’ या प्रश्नाला उत्तर नाही आलं, म्हणजे तयार. ‘स्टँड बाय’. आणि काही क्षणांनी बीप.

उजवा हात म्यानाकडे जातो, डावा छातीपाशी येऊन थांबतो, दोन्ही हात दस्त्यावर जुळतात आणि पिस्तूल डोळ्यांच्या रेषेत पुढे सरकतं. पहिल्या पाटीवर नेमाचा लाल ठिपका दिसला की चाप. इथून पुढचं काम डोळ्यांचं आहे. गोळी सुटल्या क्षणी डोळे पुढच्या पाटीच्या मध्यावर जाऊन बसलेले हवेत आणि पिस्तूल डोळ्यांच्या मागून यायला हवं. नवखा माणूस उलट करतो. तो पिस्तुलाकडे बघत त्याला पाटीपर्यंत ओढत नेतो, ते पाटीच्या पुढे जातं आणि मग मागे आणावं लागतं.

दुसरी चूक कानाची. पाटीचा ‘टंग’ असा आवाज ऐकल्याशिवाय नवखा पुढच्या पाटीकडे वळत नाही. वीस यार्डांवरच्या पाटीपर्यंत गोळी जायला आणि आवाज परत यायला मिळून साधारण सेकंदाचा दहावा भाग लागतो. मग तो आवाज ऐकून मनाने हलायचं ठरवलं, त्याची वेळ वेगळी. चार पाट्यांवर असं थांबलं, की फेरीमागे निदान 0.4 सेकंद आणि मोजल्या जाणाऱ्या चार फेऱ्यांत 1.6 सेकंद गेले. म्हणून मुरलेला खेळाडू आवाजाची वाट पाहत नाही. चाप दबला त्या क्षणी ठिपका कुठे होता हे त्याने पाहिलेलं असतं. तो काठाबाहेर होता, तर आवाज यायच्या आत दुसरी गोळी सुटलेली असते. अशी दुरुस्तीची गोळी चारएक दशांश सेकंद खाते आणि दंड खातो तीन सेकंद. स्वतःच्या चुकीची तत्काळ आणि खरी ओळख, एवढं एक जरी माणूस इथून शिकला, तरी मॅचचे पैसे वसूल झाले.

फेरी संपली की पुढच्या फेरीसाठी पिस्तूल पुन्हा म्यानात आणि हात वर. पाचवी झाली की ‘अनलोड अँड शो क्लिअर’. मॅगझिन बाहेर, चेंबर रिकामं. खेळाडू आणि रेंज ऑफिसर दोघांनी डोळ्यांनी पाहायचं. चाप एकदा रिकामा ओढायचा, पिस्तूल म्यानात ठेवायचं. ‘रेंज इज क्लिअर’ म्हटल्यावरच माणसं पुढे जातात. कुणी पांढऱ्या रंगाचा फवारा मारून पाट्यांवरचे करडे डाग झाकतो, कुणी रिकामी टरफलं वेचतो. पुढच्या माणसाला स्वच्छ पाटी मिळाली पाहिजे, म्हणजे गोळी कुठे लागली हे त्याला आणि पंचाला दिसेल.

पोलाद, सुरक्षा आणि शिसं

उलटून येणाऱ्या गोळीची भीती रास्त आहे आणि खेळाने तिचा अभ्यास केलेला आहे. कठीण, सपाट पाटीवर गोळी आपटली की ती फुटते आणि तिचे कण बहुतेक करून पाटीच्या पृष्ठभागाला समांतर, कडेने फेकले जातात. पाट्या थोड्या पुढे झुकवून लावतात, म्हणजे हे कण जमिनीकडे जातात. त्यासाठी एआर-500 सारखं कठीण पोलाद वापरतात. साधं मऊ लोखंड वापरलं, किंवा रायफलच्या गोळ्यांनी पाटीला खड्डे पडले, तर त्या खड्ड्यातून तुकडा वळून परत मागे येऊ शकतो. म्हणून खड्डे पडलेली पाटी उलटून किंवा रंगवून चालवून घेणाऱ्या क्लबात उभं राहू नये. पाटीपासून किमान सात यार्ड अंतर, पोलादी गाभ्याच्या गोळ्यांना मज्जाव आणि खेळाडू, पंच, प्रेक्षक अशा सर्वांना डोळ्यांवर चष्मा. यात अपवाद नाही. इतकं सगळं पाळूनही एखादा बारीक कण गालाला किंवा दंडाला चाटून जातो. चष्मा त्यासाठीच असतो.

याहून मोठा धोका माणसाच्या हाताचा. त्यावर या खेळाने काढलेला उपाय मला सर्वांत मोलाचा वाटतो. रेंज ‘थंड’ असते, म्हणजे रेंज ऑफिसरचा हुकूम नसताना कुणाच्याही पिस्तुलात गोळी नसते. कमरेला पिस्तूल लावून दहा-बारा माणसं गप्पा मारत उभी असतात आणि त्यातलं एकही भरलेलं नसतं. काही दुरुस्त करायचं असेल, म्यान बदलायचं असेल, तर त्यासाठी वेगळं सेफ्टी टेबल असतं. तिथे पिस्तूल हाताळता येतं, पण काडतुसाला हात लावता येत नाही. नळी खेळाडूच्या दोन्ही बाजूंच्या काल्पनिक रेषेच्या मागे गेली, पिस्तूल हातातून पडलं, नको तेव्हा बार उडाला, की त्या दिवसापुरता खेळ संपला. समज देऊन सोडणं नाही. हा नियम पहिल्यांदा आलेल्या विद्यार्थ्याला आणि राष्ट्रीय विजेत्याला सारखाच लागतो. घरी पाठवलेला खेळाडू चिडचिड न करता सामान भरताना आणि दुपारी पाट्या उचलायला परत मदतीला येताना दिसला, की समजावं हा क्लब चांगला आहे.

तिसरा धोका दिसत नाही. गोळीत शिसं असतं, पुष्कळ काडतुसांच्या प्रायमरमध्येही असतं आणि पोलादावर आपटून त्याची बारीक धूळ होते. पाट्या रंगवणारे, टरफलं वेचणारे हात तेच सँडविचला लागले, तर शिसं पोटात जातं. रेंजवर काही खाण्याआधी साबणाने हात धुणं, घरी गेल्यावर कपडे वेगळे धुणं आणि बूट दाराबाहेर ठेवणं हे नियम म्हणून पाळावं. लहान मुलांच्या शरीरावर आणि मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम फार वाईट होतो. मुलांना मॅचला घेऊन जाणाऱ्या पालकांनी बंदुकीच्या सुरक्षेइतकीच हीही काळजी घ्यायला हवी. बंदिस्त, वारा न खेळणाऱ्या रेंजवर तर अधिकच.

शस्त्र, खर्च आणि माणसं

सुरुवात कशाने करावी यावर जुन्या खेळाडूंचा सल्ला बहुधा एकच असतो: पॉइंट टू-टू. या छोट्या काडतुसाचं पिस्तूल धक्का देत नाही, आवाज कमी करतं आणि गोळ्या स्वस्त पडतात. स्टीलमध्ये टू-टूसाठी वेगळे विभाग आहेत. त्यात म्यान लागतच नाही. पिस्तूल हातात, खाली ठेवलेल्या एका खुणेकडे रोखून फेरी सुरू करायची. म्यानातून पिस्तूल काढताना होणाऱ्या चुका त्यामुळे टळतात आणि नवख्याचं सगळं लक्ष पाट्यांवर राहतं. मोठ्या काडतुसांच्या पिस्तुलांत साध्या माशी-खाचेच्या नेमाचे, लाल ठिपक्याच्या नेमाचे, रिव्हॉल्व्हरचे असे स्वतंत्र विभाग आहेत. पिस्तुलाच्या काडतुसावर चालणाऱ्या छोट्या कार्बाइनलाही जागा आहे. घरात आहे त्याच पिस्तुलाने सुरुवात करता येते, हे या रचनेचं मोठेपण. पाच मॅगझिन मात्र हवीत, दर फेरीला एक.

प्रवेश शुल्क साधारण वीस-तीस डॉलर असतं. खरा खर्च काडतुसांचा. त्यामुळे घरी रिकाम्या पिस्तुलाने सराव करण्याला इथे फार महत्त्व आहे. जपानचा तात्सुया साकाई 2004 मध्ये स्टील चॅलेंजचा जगज्जेता झाला. त्याच्या देशात सामान्य माणसाला पिस्तूल बाळगता येत नाही. त्याचा सराव प्लॅस्टिकचे छर्रे उडवणाऱ्या खेळण्यातल्या पिस्तुलावर झाला होता. म्यानातून हात येणं, डोळ्यांनी पाटी पकडणं, चाप न हलवता ओढणं यातलं काहीही शिकायला दारू लागत नाही, याचा याहून मोठा दाखला नाही.

पळावं-वाकावं लागत नसल्यामुळे इथे वयाचा पसारा मोठा दिसतो. आईवडिलांबरोबर येणारी मुलं, गुडघे दुखणारे निवृत्त आजोबा, पहिल्यांदा एकटी आलेली एखादी स्त्री अशी माणसं एकाच गटात असतात. शाळकरी मुलांसाठी चार-चार जणांचे संघ करून पोलादी पाट्यांवर खेळवणारा वेगळा राष्ट्रीय कार्यक्रमही आहे. पण हे सगळं चालतं ते विनामोबदला राबणाऱ्यांच्या जिवावर. पहाटे टेप घेऊन अंतरं मोजणारे, जड पाट्या आणि खांब ट्रकमधून उतरवणारे, उन्हात टायमर धरून शंभर फेऱ्या पाहणारे, संध्याकाळी निकाल चढवणारे. स्टीलमध्ये प्रत्येक जण सलग पाच फेऱ्या खेळतो, बाकीचे थांबतात. म्हणून कामाला हात लावायला भरपूर वेळ असतो. नवख्याने पहिल्या दिवशी एवढंच करावं: सुरक्षेची सूचना नीट ऐकावी, स्वतःची वेळ हळू राहू द्यावी आणि रंगाचा डबा हातात घ्यावा.

दावे आणि आक्षेप

स्टील म्हणजे स्वसंरक्षणाचं प्रशिक्षण, असं काही क्लब सांगतात. हा दावा सोडून द्यावा. इथे पाट्या कुठे आहेत हे आधीच माहीत असतं, पिस्तूल उघड्या म्यानात असतं, आडोसा नसतो आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे गोळी झाडावी की नाही हा प्रश्नच नसतो. खऱ्या आयुष्यात त्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर निरपराध माणूस मरतो. पिस्तूल सुरक्षित हाताळण्याची सवय इथून लागते, ती उपयोगाची आहे. पण वेगाने गोळ्या मारता येतात म्हणून माणसाला प्रसंग ओळखता येतो असं नाही. ज्यांना तो विषय शिकायचा आहे त्यांच्यासाठी 1996 मध्ये वेगळी संघटना आणि वेगळ्या स्पर्धा निघाल्या. त्याही शेवटी स्पर्धाच आहेत.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. अमेरिकेत 2021 या एका वर्षात बंदुकीने 48,830 माणसं मेली. त्यातली निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. हा आकडा बाजूला ठेवून या खेळाबद्दल लिहिणं अप्रामाणिकपणा ठरेल. स्पर्धेच्या वेळी रेंजवर असणारी शिस्त ही जगातल्या कोणत्याही खेळाने अभिमान बाळगावा अशी आहे, पण मॅच संपल्यावर तेच पिस्तूल घरी जातं. घरातल्या एखाद्या खचलेल्या माणसाच्या हाताला ते सहज लागू नये, यासाठी तिजोरी, कुलूप आणि काडतुसं वेगळी ठेवण्याची सवय यांचा आग्रह क्लबनेच धरला पाहिजे. सेफ्टी टेबलवर काडतुसाला हात लावू न देणारी संस्था सदस्याला ‘घरी पिस्तूल कुठे ठेवतोस?’ हे विचारू शकते. विचारायलाच हवं. रेंजच्या फाटकाशी थांबणारी सुरक्षा अर्धीच सुरक्षा आहे.

मराठी माणसासाठी

न्यू जर्सीत, टेक्सासात, कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी घरांना सहकाऱ्यांकडून रेंजवर येण्याचं आमंत्रण येतं. आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला, म्हणजे एच-वन-बी वर असणाऱ्यालाही, बंदूक आणि काडतुसं बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकारी परवान्यासारखे काही अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकाला ही अडचण नाही, पण राज्याचे नियम वेगळे आणि न्यू जर्सी-कॅलिफोर्नियाचे विशेष कडक. मित्राने हातात दिलेलं पिस्तूलसुद्धा कायद्याच्या नजरेत ‘बाळगणं’ ठरू शकतं. इमिग्रेशनचं भविष्य पणाला लावून खेळण्यासारखा हा खेळ नाही. आधी वकिलाला विचारावं, मग नाव नोंदवावं. पाहायला जायला, रंगाचा डबा धरायला मात्र कुठलीच आडकाठी नाही.

भारतात नेमबाजीची वाट वेगळी आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही आणि नऊ मिलिमीटरचं पिस्तूल सामान्य परवान्यावर मिळत नाही. त्यामुळे गावोगावी स्टील मॅच हे चित्र इथे उभं राहणार नाही, आणि राहावं अशी माझी मागणीही नाही. आपली परंपरा ऑलिम्पिक नेमबाजीची आहे. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांनी 1951 मध्ये राष्ट्रीय रायफल संघटनेचा पाया घातला. त्यांच्या नावाच्या अखिल भारतीय स्पर्धेतून आजही खेळाडू राष्ट्रीय स्पर्धेसाठी पात्र ठरतात. कोल्हापूरने तर तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकणारा स्वप्नील कुसळे असे खेळाडू दिले.

याच परंपरेत स्टीलचे दोन जवळचे नातेवाईकही सापडतात. 25 मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात शेजारी-शेजारी पाच लक्ष्यांवर आठ, सहा आणि चार सेकंदांत पाच गोळ्या मारायच्या असतात. विजय कुमार यांनी 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये याच प्रकारात रौप्यपदक मिळवलं. आणि राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत ज्या 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, त्यातल्या वेगाच्या टप्प्यात लक्ष्य फक्त तीन सेकंद समोर असतं. तेवढ्यात खाली धरलेला हात वर आणून एकच गोळी मारायची. स्टीलचा निष्णात खेळाडू त्या तीन सेकंदांत पाच पाट्या संपवतो. पण त्याला पाटीच्या कुठल्याही भागावर लागलेली गोळी चालते आणि राहीला दहाचं वर्तुळ हवं असतं. यात कोण श्रेष्ठ हा वाद व्यर्थ आहे. स्टील विचारतं, ‘पुरेसं अचूक म्हणजे किती?’ आणि ऑलिम्पिक विचारतं, ‘याहून अचूक होता येईल का?’ दोन्ही प्रश्नांची उत्तरं देताना घाईला आवर घालावा लागतो, आणि आपल्याकडच्या प्रशिक्षकांना स्टीलकडून घेण्यासारखं काही असेल तर ते हेच: दर फेरीला लगेच निकाल, एका चुकीला माफी आणि पुढच्या चुकीची पूर्ण किंमत.

शेवटी काय

एवढ्या हिशोबानंतर माझा कौल स्टीलच्या बाजूने आहे, दोन अटींवर. पहिली, क्लबने हा खेळ खेळ म्हणूनच खपवावा, शौर्य म्हणून नाही. दुसरी, रेंजवरची शिस्त घरच्या तिजोरीपर्यंत न्यावी. या अटी पाळल्या, तर पिस्तुलासारख्या धोक्याच्या वस्तूभोवती अनोळखी माणसांना एकत्र आणून सगळ्यांना एकच नियम लावणारा, वयाचा आणि पैशाचा भेद फारसा न करणारा असा खेळ विरळा. पाळल्या नाहीत, तर विजेत्याच्या ट्रॉफीला काही अर्थ उरत नाही. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने आपल्या वेळेची चिंता करू नये. रेंज ऑफिसर ‘थांब’ म्हणाल्यावर सगळी रेंज खरोखर थांबते का, हे पाहावं. थांबत असेल तर पुढच्या महिन्यात पुन्हा जावं. थांबत नसेल तर सामान उचलावं आणि दुसरा क्लब शोधावा.